हास्यातून भयानकाकडे

'अमेरिकन सायको' पाहिला नसला, तरी इंटरनेटवर वावरणाऱ्या बहुतेकांना त्यातला कुऱ्हाडीचा प्रसंग माहीत असतो. पांढराशुभ्र दिवाणखाना. फरशीवर वर्तमानपत्रं अंथरलेली. पॉल ॲलन नावाचा गृहस्थ दारूच्या अमलाखाली खुर्चीत सैलावलेला. मागच्या बाजूला पॅट्रिक बेटमन पारदर्शक रेनकोट अंगावर चढवतोय आणि एखाद्या संगीत समीक्षकाच्या थाटात ह्यूई लुईसच्या बँडबद्दल व्याख्यान झोडतोय. मध्येच नाचाची एक गिरकीही घेतो. पॉल विचारतो, "तो रेनकोट आहे का?" बेटमन एखाद्या शाळकरी पोराच्या उत्साहात सांगतो की हो, आहे! आणि मग कुऱ्हाड.

कुऱ्हाड कुठे बसली ते आपल्याला दिसत नाही. दिसतो तो बेटमनचा चेहरा आणि त्याच्यावर उडणारं रक्त. घाव घालून झाल्यावर तो केस सारखे करतो, सोफ्यावर टेकतो आणि सिगार पेटवतो. अर्धा चेहरा लाल, अर्धा स्वच्छ. मी हा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा रेनकोटच्या वाक्यावर हसले होते. ते हसू ओठांवर असतानाच कुऱ्हाड खाली आली. तेव्हापासून हा चित्रपट मला सोडत नाही तो त्या हसण्यामुळे, रक्तामुळे नव्हे.

आपल्या रसशास्त्राने कोणता रस कोणाचा वैरी, याच्या याद्या करून ठेवल्या आहेत. त्यात हास्य आणि भयानक हे एकमेकांचे वैरी. नाट्यशास्त्र असंही सांगतं की भयानक उपजतो तो बीभत्सातून. आधी किळस, मग भीती. जगभरातले रक्तबंबाळ भयपट आजही हाच हिशेब मांडतात. मेरी हॅरन या दिग्दर्शिकेने मात्र बीभत्साला जवळजवळ वगळलं आणि भयानक थेट त्याच्या वैऱ्याच्या, म्हणजे हास्याच्या पोटातून काढला. एका बदनाम उपरोधिक कादंबरीचा मानसशास्त्रीय भयपट करताना तिने हे कसं साधलं, हा माझ्या कुतूहलाचा विषय आहे. कारण मूळ पुस्तक बीभत्साने ओसंडून वाहणारं आहे.

ब्रेट ईस्टन एलिसची ही कादंबरी १९९१ साली आली. काळ ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धाचा, जागा मॅनहॅटन, निवेदक बेटमन, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा गुंतवणूक बँकर. पगार प्रचंड, काम शून्य. तो ऑफिसात टीव्ही बघतो, शब्दकोडी सोडवतो आणि आज रात्री कुठल्या हॉटेलात टेबल मिळेल या चिंतेत दिवस घालवतो. डोनाल्ड ट्रम्प हे त्याचं दैवत. (हे लिहिलं गेलं तेव्हा ट्रम्प फक्त एक गाजलेले बिल्डर होते. काही विनोद काळाच्या ओघात आपोआप गडद होत जातात.) आणि हा माणूस रात्री खून करतो, किंवा करतो असं आपल्याला सांगतो. भिकारी, वेश्या, सहकारी, जुन्या मैत्रिणी, कुणीही.

पुस्तक छापून होण्याआधीच वादळ उठलं. 'टाइम' आणि 'स्पाय' या नियतकालिकांनी त्यातले सर्वांत अंगावर येणारे उतारे छापले. नोव्हेंबर १९९० मध्ये, पुस्तक बाजारात यायला काही आठवडे उरलेले असताना, सायमन अँड शुस्टर या प्रकाशनसंस्थेने ते प्रकाशित करायला नकार दिला. ते उचललं सनी मेहतांनी. दिल्लीत जन्मलेले हे गृहस्थ तेव्हा न्यूयॉर्कच्या नॉफ या प्रख्यात प्रकाशनगृहाचे प्रमुख होते. त्यांनी व्हिंटेज या प्रकाशन-नावाखाली ते थेट पेपरबॅक म्हणून आणलं. नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन या संघटनेच्या लॉस एंजलिस शाखेने बहिष्काराची हाक दिली. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये तर पुस्तक प्रकाशित होण्याआधीच ते चिरडून टाका म्हणणारं परीक्षण आलं. लेखकाला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. जर्मनीत काही वर्षं त्याच्या विक्रीवर बंधनं होती. ऑस्ट्रेलियात ते प्लॅस्टिकच्या वेष्टनात गुंडाळून, फक्त प्रौढांना विकायचं असा नियम झाला.

आक्षेप घेणारे सगळे बावळट होते, असं मी म्हणणार नाही. पुस्तकातले काही उतारे मीही अर्धवट सोडले आहेत. बायकांच्या शरीरांचं जे त्यात होतं ते वाचताना 'हा उपरोध आहे' ही ढाल फार वेळ टिकत नाही. लेखक ज्या माणसाची टर उडवतोय त्याच्याच नजरेने आपल्यालाही पानंच्या पानं बघायला लावतोय, आणि कुठेतरी त्यालाही त्यात रस वाटू लागलाय की काय, अशी शंका येते. ती शंका माझी अजून गेलेली नाही.

पण पुस्तकाची करामतही त्या उताऱ्यांतच आहे. बेटमनचा आवाज कधी बदलत नाही. समोरच्याचा सूट कुणाचा, टाय कुणाचा, बूट कुणाचे, हे तो ज्या स्वरात सांगतो त्याच स्वरात तो सुरीने काय केलं ते सांगतो. कॅटलॉग वाचावा तशी ती भाषा. पहिली शे-दीडशे पानं जवळजवळ काही घडतच नाही. कपडे, जेवणं, चेहऱ्याला लावायची मलमं, पुन्हा कपडे. वाचक पेंगुळतो आणि वरवर वाचू लागतो. नेमकं तेव्हाच एका वाक्यात काहीतरी भयंकर येऊन जातं आणि पुढच्या वाक्यात परत टाय. मधूनच एक अख्खं प्रकरण जेनेसिस या बँडवर, एक व्हिटनी ह्यूस्टनवर, एक ह्यूई लुईसवर. संगीताच्या मासिकातून कापून चिकटवल्यासारखी ही प्रकरणं कथेला कुठेही पुढे नेत नाहीत. हा कंटाळा लेखकाने जाणूनबुजून रचलेला आहे. माणूस आणि वस्तू यांतला फरक पुसला गेला की काय होतं, ते एलिस आपल्याला समजावून देत नाही, आपल्याच वाचण्याच्या सवयीतून ते घडवतो.

आता याचा चित्रपट करा बघू! कागदावर टाय आणि जखम दोन्ही शब्दच असतात, एकाच वजनाचे. पडद्यावर टाय हा टाय असतो आणि जखम ही जखम. वाचक पान उलटू शकतो, प्रेक्षक फार तर डोळे मिटतो. कादंबरीतला सपाट स्वर कॅमेऱ्याला परवडत नाही, कारण रक्त दिसलं की बाकीचं सगळं मागे पडतं. उपरोधाला थोडं लांब उभं राहावं लागतं आणि भयपटाला अगदी अंगाशी यावं लागतं. एकाच फ्रेममध्ये ही दोन्ही अंतरं कशी राखायची?

निर्माते एडवर्ड प्रेसमन यांनी हक्क घेतल्यानंतर बरीच वर्षं हे कोडं कुणाला सुटलं नाही. डेव्हिड क्रोननबर्गसारखा, देह आणि यंत्र यांच्या विकृत नात्यांवर चित्रपट करणारा दिग्दर्शक काही काळ त्याच्याशी जोडला गेला होता. एलिसने त्याच्यासाठी पटकथाही लिहिली. पण क्रोननबर्गला हॉटेलं आणि नाइटक्लबातले प्रसंग नको होते, चित्रित करायला कंटाळवाणे म्हणून. या कादंबरीतून हॉटेलं काढायची म्हणजे नरसिंहाच्या गोष्टीतून खांब काढण्यासारखं आहे. एलिसच्या त्या मसुद्याचा शेवट वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या माथ्यावर बॅरी मॅनिलोच्या गाण्याने होत होता. तो कुणी चित्रित केला असता तर काय दिसलं असतं, याची कल्पना करण्यात मी माझा बराच रिकामा वेळ घालवला आहे.

शेवटी हे काम आलं हॅरनकडे. कॅनडात जन्मलेली, आधी पत्रकारिता केलेली. अँडी वॉरहॉलवर गोळ्या झाडणाऱ्या बाईवरचा चित्रपट तिने १९९६ साली केला होता. पटकथा तिने ग्विनेव्हिअर टर्नरबरोबर लिहिली. स्त्रीद्वेष्टं म्हणून ज्या पुस्तकाचा उद्धार झाला त्याचं माध्यमांतर दोन बायकांनी केलं, ही गोष्ट नेहमी सांगितली जाते आणि सांगून सोडून दिली जाते. मला त्यातलं महत्त्व वेगळं वाटतं. या दोघींना बेटमन मुळीच गूढ वाटला नाही. त्यांना तो हास्यास्पद वाटला. आरशात बघून दंडाचे स्नायू फुगवणारा, बायकोसारखा टायला जपणारा, मित्रांच्या कंपूत आपण मागे पडू या भीतीने घामाघूम होणारा पुरुष बायकांनी जन्मभर पाहिलेला असतो. त्याला राक्षस करायचा तर त्याला मोठेपणा द्यावा लागतो, आणि तो द्यायचीच या दोघींची तयारी नव्हती.

मध्ये एक हॉलिवूडी नाट्य घडलं. 'टायटॅनिक'नंतर लिओनार्डो डिकॅप्रिओ जगातला सर्वांत लाडका नट झाला होता. १९९८ च्या कान महोत्सवाच्या वेळी लायन्सगेट या चित्रपट कंपनीने बेटमनच्या भूमिकेसाठी त्याचं नाव जाहीर केलं. मानधनाचा आकडा दोन कोटी डॉलर. हॅरनला हवा होता ख्रिश्चन बेल, जो तेव्हा फारसा कुणाला माहीत नव्हता. ज्याच्या चाहत्यांत शाळकरी मुलींची फौज आहे अशा नटाला या भूमिकेत घेतलं तर चित्रपट गोड होणार किंवा फुटणार, असं तिचं म्हणणं. ती बाहेर पडली, तिच्या जागी दिग्दर्शक म्हणून ऑलिव्हर स्टोन आला, मग डिकॅप्रिओ आणि स्टोन दोघेही गेले, आणि काम परत हॅरन आणि बेलकडे आलं. बजेट उरलं सुमारे सत्तर लाख डॉलर, म्हणजे डिकॅप्रिओच्या एकट्याच्या मानधनाच्या निम्म्याहून कमी. तंगीचा इथे फायदाच झाला असं मला वाटतं. दोन कोटींचा नट घेतल्यावर त्याला हास्यास्पद दाखवायची हिंमत कुठला स्टुडिओ करतो?

पटकथेने सगळ्यात आधी गोष्टींच्या जागा बदलल्या. 'पॅट्रिक बेटमन नावाची एक कल्पना आहे, पण खरा मी असा कुठे नाहीच' अशा अर्थाचं स्वगत कादंबरीत जवळजवळ शेवटाकडे येतं. तिथवर येईपर्यंत आपणच दमून त्या निष्कर्षाला पोचलेले असतो. चित्रपटाने ते उचलून पहिल्या काही मिनिटांत ठेवलं, सकाळच्या त्या प्रसिद्ध प्रसाधनविधीवर. बेटमन चेहऱ्यावरचा पारदर्शक मास्क सालीसारखा सोलून काढतो आणि आवाज सांगतो की आत कुणी नाही. शोध वाचकाकडून काढून घेतला गेला, हे नुकसानच. पण पावणेदोन तासांहूनही छोट्या चित्रपटाला शे-दीडशे पानांचा कंटाळा परवडत नाही. आत कुणी नाही हे आधीच सांगून टाकल्यावर प्रेक्षक मोकळा होतो. तो 'हा असा का?' विचारत बसत नाही. बालपण, आई-बाप, मानसोपचार, असलं काही चित्रपटात शोधावं लागत नाही. मानसशास्त्रीय भयपट म्हणवणाऱ्या चित्रपटात मानसशास्त्राचा इतका अभाव मी क्वचित पाहिलाय, आणि तो चित्रपटाच्या पथ्यावर पडलाय.

संगीतावरची ती तीन प्रकरणंही अशीच हलवली. पडद्यावर ती व्याख्यानं झाली, आणि प्रत्येक व्याख्यानाला समोर श्रोता बसवला, ज्याच्यावर पुढे काहीतरी प्रसंग गुदरणार आहे. पुस्तकात जी प्रकरणं वेळ थांबवतात तीच चित्रपटात वेळ ताणतात. बेटमन गाण्याच्या ओळींची थोरवी सांगू लागला की आपल्या पोटात गोळा येतो. तो बोलत असतो सगळं पुस्तकी, कुठूनतरी पाठ केलेलं, आणि आपण हसतो. हास्यातून भयानक निघतो म्हणजे काय, ते इथे अगदी कारागिरीच्या पातळीवर दिसतं.

आणि व्हिजिटिंग कार्डं. हा प्रसंग कादंबरीतही आहे, पण चित्रपटाने त्याचं सोनं केलं. मीटिंगच्या खोलीत चौघे-पाचजण एकमेकांची नवी कार्डं बघतायत. सगळी पांढरी. म्हणजे एक हाडाच्या रंगाचं, एक अंड्याच्या कवचाच्या, आणि आपल्याला काडीचा फरक कळत नाही. कॅमेरा मात्र प्रत्येक कार्डाकडे हिऱ्याकडे बघावं तसा बघतो. नीट पाहिलं तर सगळ्यांचा हुद्दा एकच, व्हाइस प्रेसिडेंट. टेलिफोन नंबरही एकच. 'ॲक्विझिशन्स' या इंग्रजी शब्दाच्या स्पेलिंगमधलं एक अक्षरही सगळ्या कार्डांवर गाळलेलं आहे, आणि अक्षरांच्या ठशावर जीव टाकणाऱ्या या मंडळींपैकी एकालाही ते दिसत नाही. मग पॉल ॲलनचं कार्ड येतं. बेटमनच्या कपाळावर घाम. कागदाची जाडी, रंगाची नजाकत, आणि अरे देवा, त्याला तर वॉटरमार्कसुद्धा आहे! कार्ड त्याच्या हातातून गळून पडतं.

लगेच पुढच्या प्रसंगात तो अंधाऱ्या गल्लीत एका बेघर माणसाला भोसकतो. कादंबरीत हे दोन प्रसंग एकमेकांपासून बरेच लांब आहेत आणि तिथे तो बेघर माणूस आंधळा होतो, मरत नाही. चित्रपटाने नुसते दोन तुकडे शेजारी ठेवले आणि कार्यकारणभाव आपोआप तयार झाला. कुणीतरी चांगलं कार्ड छापलं म्हणून कुणीतरी भलताच मेला. एलिसला जे सांगायला चारशे पानं लागली त्याचा गाभा इथे एका कटमध्ये आलाय, असं म्हटलं तर त्याच्या चाहत्यांना राग येईल. येऊ दे.

छायालेखक आंद्रेय सेकुवाचं काम याच पद्धतीचं. बेटमनचं घर शोरूमसारखं उजळलेलं, सावलीला जागाच नाही. भयपटाला अंधार लागतो हा समज इथे मोडीत निघतो. सुरुवातीच्या नामावलीत पांढऱ्यावर लाल थेंब पडतात, आपण रक्त समजतो आणि ते निघतं ताटलीवर सजवायचं सॉस. सगळ्या पुरुषांचे केस मागे चापून बसवलेले, सूट एकाच कुळातले. पॉल ॲलन बेटमनला शेवटपर्यंत दुसराच कुणीतरी समजतो. आपल्यालाही ते वेगळे ओळखता येत नाहीत. कादंबरीत कपड्यांच्या याद्या वाचून माणसं पुसट होतात, इथे नटांच्या निवडीनेच ते साधलं.

बेलला टॉम क्रूझची टीव्हीवरची एक मुलाखत पाहून या माणसाची चावी सापडली, असं हॅरनने सांगितलंय. ओसंडून वाहणारा मनमिळाऊपणा आणि डोळ्यांमागे कुणीच नाही. बेलचं सगळं काम या एका निरीक्षणावर उभं आहे. त्याच्या समोर डिटेक्टिव्ह म्हणून विलेम डफो. त्याच्याकडून हॅरनने प्रत्येक शॉट तीन तऱ्हांनी करून घेतला: एकदा बेटमनच खुनी आहे हे ठाऊक असल्यासारखा, एकदा मुळीच संशय नसल्यासारखा आणि एकदा संशय आहे पण खात्री नाही असा. संकलनात तिन्ही मिसळून टाकले. त्यामुळे डिटेक्टिव्ह एका वाक्यात भोळा, पुढच्या वाक्यात धूर्त. आपण त्याच्या चेहऱ्यावरून काही ताडू बघतो आणि पाय घसरतो. बेटमनला जे होत असेल तेच आपल्याला होतं. मानसशास्त्रीय भयपटाचं खरं तंत्र म्हणजे हे.

निर्मितीच्या वेळच्या गमती तर उपरोधिक कादंबरीतच शोभाव्यात. चित्रीकरण बरंचसं टोरांटोत झालं आणि तिथे निदर्शनं झाली. ब्रँडच्या कंपन्यांची तऱ्हा वेगळीच. चेरुती कंपनी म्हणाली की बेलने आमचे कपडे जरूर घालावेत, फक्त खून करताना नकोत. रोलेक्सला बाकी कुणाच्याही मनगटावर घड्याळ चालणार होतं, बेटमनच्या नाही, म्हणून पुस्तकातलं 'रोलेक्सला हात लावू नकोस' पडद्यावर 'घड्याळाला हात लावू नकोस' झालं. आणि अमेरिकेच्या मानांकन मंडळाने आधी सर्वांत कडक शिक्का मारला तो कुऱ्हाडीसाठी किंवा करवतीसाठी नव्हे, तर बेटमन दोन वेश्यांबरोबर असतो त्या प्रसंगासाठी. त्यात तो सारा वेळ आरशात स्वतःकडेच बघत असतो. सुमारे अठरा सेकंदं कापल्यावर परवानगी मिळाली. मला वाटतं, त्या मंडळाला नेमकं काय खुपलं ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. नग्नता पडद्याला नवी नव्हती. पुरुषाची इतकी टिंगल मात्र नवी होती.

शेवटची पंचवीसएक मिनिटं चित्रपट दुसऱ्याच वळणाला लागतो. कादंबरीत एका पाठलागाच्या प्रकरणात वाक्याच्या अधेमधेच 'मी'चा 'तो' होतो. निवेदक स्वतःच्याच हातातून निसटतो आणि थोड्या पानांनी परत 'मी' होतो. व्याकरणाची ही कसरत पडद्यावर कशी आणणार? हॅरनने तिथे बेटमनला पोलिसांच्या गाडीवर पिस्तूल झाडायला लावलं आणि गाडीचा स्वस्त ॲक्शनपटात होतो तसा स्फोट होतो. बेटमन थबकून पिस्तुलाकडे बघतो, 'हे मी केलं?' अशा चेहऱ्याने. सर्वनामाचं काम एका नजरेने झालं.

त्याची सेक्रेटरी जीन ऑफिसात त्याची डायरी उघडते आणि त्यातली चित्रं बघून रडू लागते. जवळजवळ अख्खा चित्रपट बेटमनच्या खांद्यावर बसून पाहिल्यावर इथे प्रथमच आपण दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांनी त्याच्याकडे बघतो. क्लोई सेव्हिनीने हे फार थोडक्यात केलंय.

पण मला विचाराल तर चित्रपटातला सर्वांत भयंकर प्रसंग याच्या थोडा आधी येतो. पॉल ॲलनच्या फ्लॅटमध्ये बेटमनने मृतदेह दडवलेले असतात. तो सगळं साफ करायला, तोंडाला मास्क लावून, तिथे जातो. दार उघडं. आत लख्ख उजेड, भिंतींना नवाकोरा पांढरा रंग, ताजी फुलं. एक जोडपं फ्लॅट बघायला आलंय. कपाट उघडावं तर आत रंगकामाचं सामान. घरं विकणारी एक मध्यमवयीन, नीटनेटकी बाई त्याच्याकडे येते. ती विचारते, 'टाइम्स'मधली जाहिरात पाहून आलात का? तो गडबडून हो म्हणतो. ती म्हणते, 'टाइम्स'मध्ये जाहिरात नव्हतीच. मग शांतपणे, आवाज न चढवता, त्याला निघून जायला सांगते. कटकट करू नका. परत येऊ नका. तोही आज्ञाधारकपणे म्हणतो, नाही येणार.

या बाईला काय माहीत आहे? तिला मृतदेह सापडले का, आणि इतक्या महागड्या फ्लॅटची किंमत पडू नये म्हणून तिने ते गुपचूप हलवले का? की तिथे काही नव्हतंच आणि तिला फक्त एक विचित्र इसम दारात दिसतोय? दोन्ही अर्थ लागतात. मला पहिला लागतो, आणि तो लागला की अंगावर काटा येतो. इतका वेळ ज्याला आपण या शहरातला राक्षस समजत होतो तो या बाईसमोर कच्चा आहे. ती खुन्याकडे ज्या नजरेने बघते ती नजर सौदा बिघडवणाऱ्या माणसाकडे बघायची असते. रक्ताचा एक थेंब नाही, किंकाळी नाही, संगीताचा दणका नाही. बीभत्सावर रंगाचे दोन हात मारले की उरतो तो हा भयानक.

त्यानंतरचा शेवट बहुतेकांना चकवतो. बेटमन वकिलासमोर सगळं कबूल करतो, वकील त्याला दुसराच कुणी समजून हसतो आणि सांगतो की पॉल ॲलनबरोबर तो नुकताच लंडनमध्ये जेवलाय. 'म्हणजे सगळं त्याच्या डोक्यातच होतं' असा निष्कर्ष काढून असंख्य प्रेक्षक निर्धास्त घरी गेले. खुद्द हॅरनने नंतर म्हटलंय की शेवटात आपलं चुकलं, कारण संदिग्धता ठेवायची होती, सगळं स्वप्न होतं असं सुचवायचं नव्हतं. मला यात तिचा दोष फारसा दिसत नाही. वकील ज्याच्याबरोबर जेवला तो पॉल ॲलन होता याला पुरावा काय? या चित्रपटात कुणी कुणाला ओळखतच नाही! पण 'स्वप्न होतं' हे उत्तर प्रेक्षकाला हवंच असतं. ते मिळालं की फ्लॅट विकणाऱ्या बाईबद्दल विचार करायला नको.

चित्रपट जानेवारी २००० मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेला, एप्रिलमध्ये प्रदर्शित झाला आणि जगभरात सुमारे साडेतीन कोटी डॉलरचा धंदा करून गेला. वाईट नाही, पण डोळे दिपतील असंही नाही. त्याचा खरा पसारा नंतर वाढला, आणि चमत्कारिक दिशेने. आज बेटमनचे तुकडे व्यायामाच्या आणि 'कणखर पुरुष कसे व्हावे' छापाच्या व्हिडिओंमध्ये फिरतात. सकाळचा तो प्रसाधनविधी पोरं आदर्श दिनक्रम म्हणून बघतात. ज्याला दोन बायकांनी विदूषक म्हणून उभा केला त्याचे आता भक्त आहेत. उपरोध हा असाच बेभरवशाचा असतो. त्याला दाद द्यायला समोरच्याला स्वतःवर हसता यावं लागतं. त्यात बेल इतका देखणा, शरीर इतकं घोटीव, की टिंगल नजरेआड होते. पुस्तकातला बेटमन आपल्याला दिसत नसल्यामुळे त्याची भक्ती करणं अवघड होतं. माध्यम बदलल्याची ही किंमत कुठल्याच पटकथेला टाळता आली नसती, फार तर कुरूप नट घ्यावा लागला असता, आणि मग बेटमन उरला नसता.

२०२४ साली लायन्सगेटने जाहीर केलं की लुका ग्वाडान्यिनो या कादंबरीवर नवा चित्रपट करणार आहे. नव्या दिग्दर्शकाने काळ बदलावा, कार्डांच्या जागी फोन आणावेत, हवं तर पुस्तकातलं वगळलेलं सगळं रक्त परत ओतावं. पटकथेत त्या घरं विकणाऱ्या बाईला जागा आहे का, एवढंच मी आधी बघेन. आणि असेल तर तिला चांगली नटी द्या म्हणावं, नावाजलेली नसली तरी चालेल.